दिवसपाळीची पाखरं

आमच्या आणि सोनकुसरे काकांच्या घरामध्ये कंपाउंडची एक भिंत आहे, आणि त्या भिंतीवर रोज सकाळी सहा वाजता एक मोबाइल उभा असतो. टेकवलेला नव्हे, उभा. कान तुटलेल्या कपात तांदूळ भरून त्यात तो उदबत्तीसारखा खोचलेला असतो. त्याच्यामागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर स्वतः काका. डोक्याला दुपट्टा, मांडीवर लांबट वही, कानावर पेन्सिल. एखादा भक्त देवापुढे बसेल तसे बसलेले, फक्त इथे देव काय बोलतो ते लिहून घ्यायचं असतं.

पहिल्या दिवशी मी पेपर उचलायला बाहेर आलो आणि सवयीने म्हणालो, "काय काका, आज लवकर?"

काकांनी तोंडावर बोट ठेवलं आणि अख्ख्या लेआउटला, म्हणजे आमच्या वसाहतीला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूप गा बाबू! मशीन ऐकून राहिली!"

बाबू म्हणजे मी. वय बावन्न, नागपुरात सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी, डोक्यावर केस मोजके. पण काका चौऱ्याहत्तरचे, त्यामुळे त्यांच्या लेखी मी अजून बाबूच. मशीन म्हणजे तो मोबाइल. काकांचा मुलगा नानू पुण्याला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने वडिलांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. आजूबाजूला पक्षी बोलला की ते ॲप त्याचा आवाज ओळखतं आणि स्क्रीनवर नाव नि फोटो दाखवतं. बापाचा वेळ जावा एवढाच नानूचा हेतू. बापाने त्याचा कारखाना केला.

काका कामठीला पॉवरलूमवर सदतीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर आणि माग चालवणाऱ्यांचा हेडमास्तर. चौदा वर्षांपूर्वी रिटायर होऊन ते काकूंसह आमच्या शेजारी राहायला आले, पण जॉबर काही रिटायर झाला नाही. त्यांच्या वहीत पाखरांचे दोन भाग आहेत, दिवसपाळी आणि रातपाळी. पिंगळा रातपाळीला. बुलबुल दिवसपाळीला, हजर. दयाळ हजर, पण उशिरा. आला नाही की पेन्सिलीने खाडा. सातभाई नावाचे ते मातकट पक्षी टोळीने येऊन कलकलाट करतात, त्यांच्यापुढे काकांनी शेरा मारला आहे: 'युनियनवाले.'

"एक बोंबलला का सातही बोंबलते," काका म्हणाले. "काहून बोंबलून राहिले, तं त्याहीले बी मालूम नाही."

मी स्वतःला निसर्गप्रेमी समजतो. म्हणजे चिमणी, कावळा आणि कबूतर यांतला फरक मला बिनचूक सांगता येतो. एकदा आंब्यावरून कुहूकुहू आलं, तेव्हा मी डोळे मिटून म्हणालो, "वा! काय गाते ही कोकिळा!"

"तो गाते," काका म्हणाले. "ती नाही. नर आहे तो."

पन्नास वर्षं मी चुकीच्या बाईला दाद देत होतो.

काकांची एक सवय मला सुरुवातीला फार छळायची. आपण बोलायला लागलो की ते आपल्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात. टक लावून. माझ्या दातात काही अडकलंय या समजुतीने मी कित्येक वर्षं त्यांच्याशी ओठ मिटून बोलत आलो. त्यावर ते "आं? आं?" करत आणखी जवळ यायचे, आणि मी आणखी मिटायचो. आमचा शेजार असा वाढला.

मशीन आल्यावर आमच्या घराला नियम लागू झाले. सहा ते सात मिक्सर बंद. स्कूटर कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची, मग सुरू करायची. फाटकाला तेल घालायचं, कारण त्याची किरकिर मशीनने दोनदा कुठल्याशा परदेशी पाणपक्ष्याच्या नावावर लावली होती. कन्हान नदी इथून बऱ्यापैकी लांब असल्यामुळे काकांना संशय आला एवढंच. इथवर आम्ही सोसलं. मग मे महिना आला आणि काका म्हणाले, "बाबू, सकाळी एक घंटा कूलर बंद ठेवत जा."

नागपूरच्या बाहेरच्या माणसाला या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. मे महिन्यात नागपुरात शेजाऱ्याला कूलर बंद कर म्हणणं म्हणजे त्याला श्वास जरा नंतर घे म्हणण्यासारखं आहे. माझी बायको सुनंदा पदर खोचून भिंतीपाशी गेली. मी आत थांबलो. धाडसाची कामं आमच्याकडे वाटून घेतलेली आहेत.

पाच मिनिटांनी ती परत आली आणि तिने कूलर बंद केला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कूलरच्या घरघरीत मशीनला लहान पाखरं ऐकू येत नाहीत. लहान पाखरंच पाहिजेत म्हणे."

"मग तू काय म्हणालीस?"

"त्यांचा चेहरा पाहून काही म्हणवेना. तुम्ही घाम पुसा."

अशातच एक दिवस काका फाटकातून ओरडत आले. "बाबू! भारद्वाज!"

आपल्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. तांबूस पंखांचा, कावळ्याएवढा, लाल डोळ्यांचा पक्षी. झुडपात बसून खोल घशातून घुप्-घुप्-घुप् असं बोलतो. मशीनने सकाळी सहा चाळीसला त्याचं नाव दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा चाळीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काकांनी वहीत त्याला पहिल्या ओळीवर बढती दिली.

"कुठून बोलतो?" मी विचारलं.

"तुह्याच घराच्या मागून. संडास-बाथरूमच्या बाजूनं. तिथं झाड बीड आहे का?"

"कढीपत्ता आहे."

"तं त्याच्यातच बसत असन. पाय गा बाबू, नशीबवान आहेस. घरी येऊन राहिला तुह्या."

मी दोन आठवडे ऑफिसात सांगत सुटलो. आमच्या घरी भारद्वाज येतो. सहकारी आदराने बघू लागले. मग एक दिवस काका वही घेऊन आले, जरा चिंतेत होते. भारद्वाज वेळेचा पक्का, पण रविवारी सव्वाआठला आला. मागच्या रविवारीसुद्धा सव्वाआठलाच. आणि आम्ही लग्नाला उमरेडला गेलो होतो, ते दोन्ही दिवस खाडा.

काका गेल्यावर सुनंदा भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "रविवारी सव्वाआठला उठणारा प्राणी या लेआउटमध्ये एकच आहे."

मला कळायला वेळ लागला. मी सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो, उन्हाळ्यात बाथरूमची खिडकी उघडी टाकून. नंतर जीभ घासतो. तेव्हा जो आवाज निघतो त्याबद्दल घरात पूर्वी तक्रारी झाल्या आहेत. मुलगी हॉस्टेलला गेली त्याचं ते एक कारण असावं असा माझ्या सासूबाईंचा अंदाज आहे. पण तो आवाज शुभशकुन म्हणून कुणाच्या वहीत चढेल असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं.

"जाऊन सांगा त्यांना," सुनंदा म्हणाली.

संध्याकाळी मी गेलो. काका मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. मी घसा खाकरला, जरा बेतानेच, आणि सुरुवात केली, "काका, तो भारद्वाज..."

"हाव, त्याचंच सांगणार होतो मी तुले." काकांनी माझ्या तोंडाकडे बघत वही उघडली. "एकतीस पाखरं आहे या वहीत. कावळा, पारवा सोड. बाकीच्यातला हा एकच मले मशीनशिवाय ऐकू येते. माह्या कानानं. आज मशीन बंद ठेवून बसलो होतो. तरी आला ऐकू. घुप्, घुप्, घुप्."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

मग त्यांनी सांगितलं. सदतीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेले. पूर्ण नाही. जाड आवाज येतात, बारीक गेले. शिट्टी, घंटी, मोबाइलची रिंग, लहान पोराचं बोलणं, पाखरं, सगळं गेलं. मागावर कुणी कुणाशी ओरडून बोलत नसे, उपयोगच नव्हता. ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही, समोरच्याने ओठ वाचायचे. तीच सवय लागली. म्हणून ते तोंडाकडे बघत. आणि मी इतकी वर्षं दात लपवत होतो.

"कुसुम रोज सकाळी कापसाच्या दोन वाती वळून द्यायची," काका म्हणाले. "कानात घालाले. म्हने, कान जातीन तुमचे. मी हाव म्हनून खिशात टाको. जॉबर माणूस कानात कापूस घालून फिरन तं पोट्टे हसतीन ना!"

कुसुम म्हणजे काकू. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"इथं राहाले आलो, तं सकाळी चहा घेऊन ती इथंच उभी राहे, या पायरीवर. रोज एक पाखरू येऊन बोले. म्हने, आला पाहा माहा. ऐकून राहिले का? अन् मी म्हनो, हाव, आला. बारा वर्षं म्हटलं."

"ऐकू येत नव्हतं?"

"एक दिवस नाही. पण नाही कसं म्हनू? वातीचं निघालं असतं ना. म्हनली असती, सांगितलं होतं तुमाले." काकांनी वही मिटली. "आता या एकतीसातला तिचा कोनता, तेवढं मले पाहिजे. बस. तिले विचारता आलं असतं, तं तवा विचारलं नाही."

मग त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. हे ते दिवसातून चारदा म्हणत आणि मी चारदा मान डोलवत असे. "मशीन खोटं नाही बोलत, बाबू. माणूस बोलते."

मी घरी आलो. "सांगितलं?" सुनंदाने विचारलं. मी म्हणालो, "उद्यापासून सहा चाळीसचा गजर लाव. रविवारीसुद्धा."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी बाथरूमची खिडकी सताड उघडी ठेवून गुळण्या केल्या. घसा दुखत असतानाही केल्या. लेआउटच्या गणपतीत मला कुणी आरतीला पुढे उभं राहू देत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या आवाजाची वाट पाहत होतं. एकदा ठसका लागून मधेच थांबलो तर भिंतीपलीकडून काळजीचा आवाज आला, "काय झालं गा त्याले?" मी घाईने पूर्ण केलं.

सुनंदाचं डोकं मात्र दुसरीकडे चाललं होतं. एका रविवारी ती म्हणाली, "काकू रोज सकाळी नानूला बोलून मेसेज पाठवायच्या ना? लिहिता येत नव्हतं म्हणून. त्याच पायरीवर उभ्या राहून."

"मग?"

"मग काय मग! काकू बोलत असतील तेव्हा मागे पाखरूही बोलत असेल. ते ऐकवा की त्या मशीनला."

ही कल्पना मी काकांना माझी म्हणून सांगितली. एवढं तरी मला मिळायला हवं होतं.

नानूला फोन केला. आईचे मेसेज आहेत का विचारलं. "आहेत ना," म्हणाला. "सगळे ठेवले आहेत मी. आई गेल्यावर ऐकायची हिंमत नाही झाली. पाठवतो." त्याने माझ्या मोबाइलवर नऊ मेसेज पाठवले.

सोमवारी सकाळी कूलर बंद. काकांचा मोबाइल कपातल्या तांदळात उभा. समोर माझा मोबाइल, आवाज पूर्ण वाढवलेला. सुनंदा आमच्या बाजूने भिंतीला टेकून. काका स्टुलावर, पेन्सिल हातात. त्यांनी केस विंचरले होते.

पहिल्या मेसेजमध्ये काकूंनी नानूला मेथीची भाजी कशी करायची ते सांगितलं. मशीन गप्प. दुसऱ्यात मागून आमचा मिक्सर. सुनंदाने मान खाली घातली. तिसऱ्यात सातभाई, बाकी काहीच ऐकू येईना. काका काकूंच्या आवाजाकडे लक्ष देत नव्हते, त्यांना तो कळतच नव्हता. बारीक आवाज होता काकूंचा. ते नुसते स्क्रीनकडे बघत होते.

चौथा मेसेज लावला. काकू म्हणाल्या, "नानू, जेवून घेत जाजो रे टाइमावर." आणि मागे, अगदी स्वच्छ, ट्विट्-ट्विट्-ट्विट्-ट्विट्.

स्क्रीनवर नाव आलं. शिंपी.

काका उठून उभे राहिले. वही उघडून बोट फिरवत गेले. शिंपी पाचव्या ओळीवर होता. नोव्हेंबरपासून रोज हजर, एकही खाडा नाही.

"हा?" काका म्हणाले. "हा इतकुसा? हा तं रोजच येऊन राहिला!" मग हसले. "पाय ना बाबू. मी जलमभर कापड विणलं, अन् तिनं शिंपी धरून ठेवला."

पण मेसेज संपला नव्हता. माझ्या मोबाइलमधून काकू बोलतच होत्या, आणि सुनंदाचा चेहरा बदलला. मीही ऐकलं. त्याच वेळी काकांच्या स्क्रीनवर दुसरं नाव उमटलं. भारद्वाज.

"पाय! भारद्वाज बी! तवाबी होता!" काका खूश झाले. मग आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ओठ वाचणाऱ्या माणसापासून चेहरा लपवता येत नाही. "काय म्हनून राहिली ते?" त्यांनी विचारलं. "सांग."

मी सुनंदाकडे बघितलं. तिने मला वाचवलं नाही.

मेसेज पुन्हा पहिल्यापासून लावला. काकांच्या समोर गेलो आणि कामठीच्या मागांवर बोलायचे तसं बोललो. आवाज न काढता, ओठ मोठे करून, दात जसे आहेत तसे. काकू एक वाक्य बोलायच्या, मी थांबवायचो आणि ओठांनी सांगायचो.

"आला पाय माहा. ऐकू येते का तुले?"

काकांनी मान हलवली.

"तुह्या बाबाले नाही येत. तरी मले हाव म्हन्ते."

काकांची पेन्सिल थांबली. पुढचं वाक्य दोनच शब्दांचं होतं. ते मी दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझेच ओठ नीट हलले नाहीत.

"म्हनू दे."

शेवटचं वाक्य राहिलं होतं. ते गिळून टाकता आलं असतं, पण काका तोंडाकडे बघत होते.

"चाल, ठेवते," मी ओठांनी म्हणालो. "शेजारच्या बाबूच्या गुळण्या सुरू झाल्या. म्हन्जे तुह्या बाबाचा चहा ठेवाचा टाइम झाला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग बाथरूमच्या खिडकीकडे. मग कढीपत्त्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"तू?"

मी मान खाली घातली.

"रविवारचा सव्वाआठचा बी?"

"हो."

मला वाटलं ते चिडतील. किंवा वहीतलं पान फाडतील. काका स्टुलावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण दुपट्टा डोळ्यांवर होता. दुपट्टा खाली घेऊन म्हणाले, "मशीन बी खोटं बोलते गा बाबू." आणि मग, "बंद नको करजो पण. तेवढं एक ऐकू येते मले."

त्यांनी वही उघडली. पहिल्या ओळीवरचा भारद्वाज खोडला नाही. त्याच्यापुढे नुसतं लिहिलं: 'बाबू. दिवसपाळी.'

दुसऱ्या दिवशी मी सहालाच उठलो. बाथरूमच्या खिडकीतून काकांचं अंगण दिसतं. काका स्टुलावर नव्हते. मोबाइल हातात घेऊन मागच्या दाराशी उभे होते. पायरीवर दोन कप चहा ठेवलेला. तेवढ्यात कुंपणाच्या जास्वंदीतून ट्विट्-ट्विट्-ट्विट् सुरू झालं. काकांना ते ऐकू आलं नाही. ते स्क्रीनकडे बघत होते. मग स्क्रीनवर नाव आलं असावं, कारण त्यांनी मान वर केली, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही तशा आवाजात, पायरीच्या रिकाम्या बाजूकडे बघून म्हणाले,

"हाव वं. आला."

मी पाण्यात मीठ घातलं. सहा चाळीसला अजून वेळ होता.